फुजी नदीच्या दोन्ही तीरांची वीज

गेल्या वर्षीं चैत्राच्या आरंभीं आम्हांस सहकुटुंब जपानास जाण्याचा योग आला. टोकियोच्या पूर्वभागीं एदोगावा प्रभागांत निशी-कासाई म्हणून एक वस्ती आहे. तेथें आमची कन्या व जांवई नोकरीनिमित्त राहतात. या वस्तींत भारतीयांचा भरणा मोठा असून, महाराष्ट्रांतून जपानास जाऊन स्थायिक झालेले योगेंद्र पुराणिक हे 2019 सालीं याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. जपानविषयीं वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. तेथील बागांचें व आगगाड्यांचें वर्णन आम्ही पुन्हां करीत बसणार नाहीं. आमच्या प्रवासांत ज्या एका गोष्टीनें आम्हांस पदोपदीं अडविलें, आणि एके रात्रीं चांगलेंच भिवविलें, ती म्हणजे भिंतींतील वीज. तिजविषयींच येथें लिहावयाचें आहे.

आमच्या मातोश्री सत्याहत्तर वर्षांच्या आहेत. दम्याची व्यथा जुनी. औषधाचे सूक्ष्म तुषार करून तें श्वासावाटे फुप्फुसांत पोंचविणारें नेब्युलायझर नांवाचें यंत्र गेलीं सहा वर्षें त्यांच्या उशाशीं असतें, आणि तें उशाशीं आहे या भरंवशावरच त्यांना झोंप लागते. तेव्हां सामानांत पहिली वस्तु गेली ती हें यंत्र. दुसरी गेली ती विजेची किटली. तेथील हॉटेलांच्या खोल्यांत किटली असतेच, असें कन्येनें फोनवरून पुनःपुन्हां सांगितलें होतें. परंतु त्या किटलींत पूर्वीच्या उतारूनें काय उकळलें असेल याची शाश्वती कोण देणार, असा मातोश्रींचा प्रश्न होता. आणि ज्या देशांत साध्या सारालाही सुक्या मासळीचा अर्क लागतो, त्या देशापुरता तो प्रश्न अगदींच अवास्तव होता असें म्हणवत नाहीं.

आमच्या पेठेंतील एका दुकानदाराकडून आम्हीं एक अडॅप्टर घेतला. "साहेब, दीडशें देशांत बसतो," असें तो म्हणाला. तो खोटें बोलला नाहीं. तो अडॅप्टर सर्वत्र बसतो. बसणें आणि चालणें या दोन गोष्टी निराळ्या, हें त्यानें सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं.

प्लगाचीही एक मौज आहे. तीन वाटोळ्या पिनांचा जो प्लग आपल्याला इतका आपला वाटतो, तो मूळचा इंग्लंडांतला. त्याचें ब्रिटिश प्रमाण 1934 सालचें. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर घरें नव्यानें बांधतांना तांब्याची बचत व्हावी म्हणून इंग्रजांनीं घरांत तारा फिरविण्याची निराळी पद्धति काढली, आणि 1947 सालीं तिला साजेसा, चौकोनी पिनांचा व पोटांत फ्यूज असलेला नवा प्लग ठरविला. म्हणजे ज्या वर्षीं ते येथून गेले, त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या घरचा जुना प्लगही मोडींत काढावयास घेतला. आपण मात्र तो जपून ठेवला! आज पुण्याच्या मनुष्याचा प्लग लंडनच्या भिंतींत शिरत नाहीं तो यामुळें. तथापि तेथें विजेचा दाब 230 व्होल्ट आणि सेकंदास आवर्तनें 50, म्हणजे दोन्ही आपल्यासारखींच. तोंड तेवढें बदललें कीं काम झालें. जपानचें तसें नाहीं. तेथील प्लगाला दोन चपटीं पातीं असतात आणि भिंतींतील दाब अवघा 100 व्होल्ट.

हा भेद पहिल्या सकाळीं किटलीनें शिकविला. आमची किटली 1000 वॅटची. घरीं ती लिटरभर पाणी पांचसहा मिनिटांत उकळते. निशी-कासाईस ती लाविली, बारीक दिवा लागला, आणि दहा मिनिटांनीं पाहतों तों पाणी जेमतेम कोमट. मातोश्री हातांत चहाचा डबा घेऊन उभ्या होत्या त्या खुर्चीवर बसल्या. पाऊण तासाच्या सुमारास चहा झाला. दाब निम्म्याहून खालीं आला तर उष्णताही निम्म्याच्या आसपास येईल अशी आमची समजूत होती. परंतु तापणाऱ्या तारेची शक्ति दाबाच्या प्रमाणांत नसून दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. शंभरास दोनशें तिसांनीं भागून वर्ग केला म्हणजे शेंकडा एकोणीस उरतात. आमची हजार वॅटची किटली जपानांत येऊन 190 वॅटची झाली होती. यांत किटलीला अपाय कांहीं नाहीं. चहाला मात्र आहे.

उलट दिशेनें हाच हिशेब भयंकर होतो. आमच्या एका आप्तांनीं पूर्वीं जपानहून भात शिजविण्याचें एक सुंदर यंत्र हौसेनें आणलें होतें. तें तेथील घरगुती वापराचें, 100 व्होल्टचें. तें त्यांनीं पुण्यास भिंतींत लाविलें तेव्हां त्यांतील तारेवर सवापांच पट शक्ति कोसळली, आणि तांदूळ धुण्यापूर्वींच घरभर जळकट वास सुटला. टोकियोंत आकिहाबारा नांवाचा विजेच्या वस्तूंचा जो प्रसिद्ध बाजार आहे, तेथें परदेशच्या दाबासाठीं मुद्दाम बनविलेले नमुनेही मिळतात. पण ते निराळे मागावे लागतात, आणि मागण्यासाठीं असा कांहीं भेद आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें.

जांवईबापूंनीं त्या दिवशीं आमच्या सर्व वस्तु मेजावर मांडल्या व प्रत्येकीच्या पोटाखालची बारीक अक्षरांची पाटी आम्हांला वाचावयास लाविली. फोनच्या चार्जरवर 100 पासून 240 व्होल्टपर्यंत आणि 50 व 60 आवर्तनें, असें दोहोंचें नांव होतें. तो पृथ्वीवर कोठेंही चालावा. असे चार्जर भिंतींतील प्रवाह आधीं एकदिशा करून घेतात व मग हवा तेवढा बारीक करितात, म्हणून त्यांना मूळ दाबाची फारशी पर्वा नसते. किटलीवर 230. नेब्युलायझरवर 230 व्होल्ट, 50 आवर्तनें, आणि दुसरें कांहीं नाहीं. त्यांत हवा दाबणारी लहानशी मोटर असते, आणि मोटर ही किटलीप्रमाणें मुकाट्यानें मंद होत नाहीं. दाब अपुरा पडला तर ती फिरतच नाहीं, नुसती गुरगुरते व अडून बसून तापते.

मग यावर उपाय? उपाय कन्येच्या स्वैंपाकघरांतच होता. तिनें लग्नानंतर येथून नेलेला मिक्सर ओट्याखालीं एका काळ्या, ओबडधोबड पेटीला जोडलेला होता. ही पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ज्यास आपलें वीजखातें रोहित्र म्हणतें. आंत लोखंडाच्या पत्र्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे असतात, एकीकडून 100 व्होल्ट घेऊन दुसरीकडून ती 230 च्या आसपास देते. वजन सहा किलो. पाडव्याच्या पुरणाची डाळ याच पेटीच्या आधारानें वाटली गेली. त्या दिवशीं एक गंमत झाली. तेथें घरटीं विजेचा करार ॲंपिअरच्या हिशेबानें असतो. कन्येच्या घरीं तो तीस ॲंपिअरचा. मिक्सर फिरत असतां कोणी खोली तापविण्याचें यंत्र लाविलें, कोणी मायक्रोवेव्ह, आणि क्षणांत सारें घर अंधारलें. मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे इथंही भारनियमन आहे तर!"

त्या दिवसांत जपानांत सुगी नांवाच्या देवदारासारख्या वृक्षाचे पराग हवेंत उडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठीं हे वृक्ष डोंगरच्या डोंगर लावले गेले, आणि आतां फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत निम्मा देश तोंडाला फडकें बांधून शिंकत असतो. मातोश्रींच्या छातीनें तिसऱ्याच दिवशीं त्याची दखल घेतली. रात्रीं यंत्र ट्रान्सफॉर्मरला जोडलें. घरच्याप्रमाणेंच घरघरलें, तुषार उडाले, त्या निजल्या. आमची चिंता मिटली.

यानंतर आम्हांला क्योतोस जावयाचें होतें, आणि येथें आमची चूक सांगावयाची वेळ आली.

जपानांत वीज एक नाहीं, दोन आहेत. दाब सर्वत्र 100 व्होल्ट खरा. पण प्रवाह सेकंदास किती वेळां मागेंपुढें होतो ती संख्या टोकियोकडे 50 व क्योतो-ओसाकाकडे 60. याचें कारण ऐकून हंसूं येतें. 1895 च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीनें जर्मनीच्या एईजी कारखान्याचीं 50 आवर्तनांचीं जनित्रें आणविलीं. त्याच सुमारास ओसाकाच्या कंपनीनें अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचीं 60 आवर्तनांचीं घेतलीं. प्रत्येक शहर आपापल्या यंत्राभोंवतीं वाढलें, खेडीं त्या त्या शहराला जोडलीं गेलीं, आणि देशाच्या मधोमध पॅसिफिक किनाऱ्यावरील फुजी नदीपासून उत्तरेच्या किनाऱ्यावरील इतोइगावापर्यंत एक अदृश्य सीमा पडली ती आजतागायत आहे. दोन सावकारांच्या चोपड्या न जुळाव्या तसें हें झालें. त्याची किंमत 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर व समुद्राच्या लाटांनंतर कळली. पूर्वेकडील वीजकेंद्रें बंद पडलीं, टोकियोच्या आसपास पाळीपाळीनें दिवे मालवावे लागले, आणि पश्चिमेकडील वीज सीमेवरच अडली. कारण एका प्रकारची वीज दुसऱ्या प्रकारची करून देणारीं केंद्रें त्या वेळीं सुमारें दहा लक्ष किलोवॅटच पलीकडे जाऊं देत. 2021 पर्यंत हें प्रमाण दुपटीस नेलें गेलें.

ही सारी माहिती जांवईबापूंनीं आम्हांस मोठ्या आवडीनें सांगितली, आणि शेवटीं म्हणाले, "पण बाबा, ट्रान्सफॉर्मर घेऊनच जा. दाब तरी बरोबर मिळेल. साठवर मोटर जराशी वेगळी वाजेल, थोडी तापेल. दहा मिनिटांना काही होत नाही."

आम्हीं सहा किलोच्या त्या पेटीकडे पाहिलें, गाडीचे जिने डोळ्यांपुढें आणले, आणि नुकत्याच मिळालेल्या विद्येचा आधार घेतला. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहीं. पाटीवर 50 हा आंकडा स्पष्ट आहे. तेव्हां पेटी नेऊन तरी यंत्र नियमाप्रमाणें चालणार नाहींच. मग ओझें कशास? युक्तिवाद बिनतोड होता. अज्ञानी मनुष्यानें पेटी उचलली असती. क्योतोच्या ज्या लहानशा जपानी पद्धतीच्या खानावळींत आम्ही उतरणार होतों, तेथें आम्हीं फोन करून इंग्रजींत विचारलें, "कन्व्हर्टर मिळेल ना?" मालकीणबाईंनीं मोठ्या अदबीनें होकार दिला. झालें.

टोकियोहून क्योतोस शिन्कान्सेननें सव्वादोन तास लागतात. शिन-फुजी स्थानक मागें पडतांच उजव्या हातास फुजी पर्वत आणि खालीं नदीचें रुंद, धोंड्यांनीं भरलेलें पात्र दिसतें. ही गाडी 1964 पासून सर्व मार्गावर 60 आवर्तनांच्या विजेवरच धावते. टोकियोकडील भागांत 50 ची वीज मुद्दाम 60 ची करून तारेंत सोडतात. म्हणजे गाडीनें आपली सोय करून घेतली होती. आमची व्हावयाची होती.

क्योतोंत पहिल्या दिवशीं आम्ही सान्जुसान्गेन्दो हें लांबलचक देवालय पाहिलें. आंत करुणामयी कान्नोनच्या 1001 मूर्ति ओळीनें उभ्या आहेत, आणि त्यांच्या रक्षक देवतांत बांसरी वाजविणारा चोंच असलेला गरुड आहे. जपानी लोक त्याला करुरा म्हणतात. मातोश्रींनीं त्याला ओळखलें व हात जोडले. दुपारीं केआगे येथें गेलों. तेथें चेरीच्या फुलांनीं झांकलेल्या उतारावर जुने रूळ आहेत. बिवा सरोवराच्या कालव्यांतून आलेल्या नावा गाड्यांवर चढवून या उतारावरून विजेच्या बळानें ओढीत असत. राजधानी टोकियोस गेल्यावर ओस पडूं लागलेल्या या शहरास जीव यावा म्हणून तानाबे साकुरो नांवाच्या विशीपंचविशींतल्या स्थापत्यशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं तो कालवा खणला गेला. 1891 सालीं त्याच पाण्यावर केआगेचें वीजकेंद्र सुरू झालें, आणि 1895 सालीं जपानांतील पहिली विजेची ट्राम क्योतोच्या रस्त्यावरून धांवली. फुलांच्या पाकळ्या रुळांवर पडत होत्या व लोक छायाचित्रें काढीत होते. आम्ही तेथें उभे राहून सौ.ला विजेचा इतिहास सांगत होतों. मातोश्रींना खोकला येत होता, पण तो आम्हीं चढावाचा समजलों.

रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली ती त्यांच्या श्वासाच्या आवाजानें. चटईवरील अंथरुणावर त्या उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले. बोलणें होत नव्हतें. आम्हीं यंत्र काढलें, औषध भरलें, आणि मालकीणबाईंनीं संध्याकाळीं कागदांत गुंडाळून ठेवलेला तो 'कन्व्हर्टर' उघडला. मुठींत मावेल एवढी पांढरी वस्तु निघाली. दोन चपटीं पातीं एका बाजूस, वाटोळीं भोकें दुसऱ्या बाजूस. दुकानदारानें दिलेल्या अडॅप्टराचें जुळें भावंडच तें! तरीही आम्हीं तें भिंतींत लाविलें. बुडत्याला काडी. यंत्रांतून बाटलींत कोंडलेल्या माशीसारखा क्षीण आवाज आला. वाटींतील औषध हाललेंसुद्धां नाहीं.

सौ.नें आम्हांस बाजूस सारिलें. पुण्याच्या डॉक्टरांनीं निघतांना बजावून एक हातानें दाबावयाचा पंप आणि त्याला जोडावयाची प्लास्टिकची पोकळ नळी बरोबर दिली होती, व कितीदां, किती वेळानें, हें चिठ्ठीवर लिहून दिलें होतें. ती पिशवी तिनें आपल्या उशाखालीं ठेवली होती. आम्हीं ती कधीं उघडूनही पाहिली नव्हती. यंत्र असतां हातपंप कशास, असें आमचें मत होतें. चिठ्ठी डाव्या हातांत धरून तिनें एकेक मात्रा दिली व मध्यें मोठ्यानें आंकडे मोजले. आवाजानें मालकीणबाई वर आल्या; त्यांनीं रुग्णवाहिकेसाठीं 119 हा आंकडा फोनवर लावून बोट बटणाजवळ धरलें, व आमच्याकडे पाहत दारांत गुडघ्यांवर बसून राहिल्या. पंधरावीस मिनिटें गेलीं. मग मातोश्रींचे खांदे खालीं आले. पहिला शब्द निघाला तो "पाणी". मालकीणबाईंनीं खालून थर्मासांत ऊन पाणी आणलें. त्या थर्मासांत पूर्वीं काय होतें, हें त्या रात्रीं कोणी विचारलें नाहीं.

सकाळीं मालकीणबाई पुनःपुन्हां वांकून क्षमा मागूं लागल्या. दोष त्यांचा नव्हता. त्यांनीं फोनवर भाषांतर लावून दोन शब्द दाखविले. प्लगाचें तोंड बदलणारा तो 'हेंकान पुरागु', आणि दाब बदलणारें तें 'हेन-आत्सुकी'. दोन्हींच्या आरंभीं 'हेन', म्हणजे बदल. आम्हीं नुसता बदल मागितला होता, आणि त्यांनीं तो दिला होता. जवळच्या दवाखान्यांत मातोश्रींना तपासून घेतलें. नंतर कन्येस फोन करून सर्व हकीकत सांगितली. तिनें रागावून एक शब्दही काढला नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. दोन दिवस राहावयाचें होतें तें रद्द करून आम्ही त्याच दुपारीं परत निघालों.

पुढें टोकियोंत मुठीएवढें, साध्या बॅटरीच्या सेलांवर चालणारें जाळीचें नेब्युलायझर मिळालें, त्याचा उपयोग आतां पुण्यासही वीज गेली असतां होतो. जुनें यंत्र ट्रान्सफॉर्मरला लावून पाहिलें. तें शाबूत होतें. विमानांत लिथियमच्या बॅटऱ्या व पॉवर बँक सामानाच्या पेटींत न टाकतां जवळच ठेवाव्या लागतात, याची आठवण कन्येनें निघतांना करून दिली, आणि डॉक्टरांची पिशवी तिनें स्वतः आजीच्या पर्समध्यें ठेवली.

क्योतोहून परततांना मातोश्री खिडकीशीं बसल्या होत्या. फुजी ढगांत होता. नदी तेवढी दिसली. पूल येतांच त्यांनीं विचारलें, "काय रे, इथून पुढं आपली पन्नासाची वीज का?"

"हो," आम्ही म्हणालों, "पण दाब शंभरच."

"मग पेटी लागेलच," असें म्हणून त्यांनीं शालीचें टोंक नाकावर ओढून घेतलें.